पगारातून कापलेले पैसे

महिन्याचे पहिले दिवस आले, की पगारदार माणसांच्या घरात हिशेब सुरू होतो. भडगावातही तसेच होते. कोणी शिक्षक असतो, कोणी एस.टी.चा वाहक असतो, कोणी तहसील कचेरीत कारकून असतो. समजा, तुमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा पगार साठ हजार रुपये आहे. पण बँकेच्या पासबुकात जमा झाले अठ्ठेचाळीस हजार. मग बारा हजार रुपये गेले कोठे? ते हरवले नाहीत. ते पगारपत्रकात लिहिलेले असतात. पगारपत्रक म्हणजे पगाराचा हिशेब दाखवणारा कागद.

या कागदावर दोन रकाने असतात. एका रकान्यात मिळालेली रक्कम असते. दुसऱ्या रकान्यात कपात असते. हा कागद वाचताना तुम्हांला फार अडचण येणार नाही. हिशेब, रक्कम, खर्च, जमा, बाकी, मुदत हे सगळे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. मराठीने ते अरबी-फारसीकडून घेतले. गंमत अशी, की 'पगार' हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून आला आहे.

आता कपातीचा रकाना पाहू. त्यात एक ओळ व्यवसाय कराची असते. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला. बहुतेक पगारदारांकडून तो दरमहा २०० रुपये कापतात, पण फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. असे का? वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, असे राज्यघटनेत सांगितले आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळवा. बरोबर २,५०० होतात. दुसरी ओळ आयकराची असते. हे दोन्ही पैसे सरकारकडे जातात. ते परत येत नाहीत.

पण त्याच रकान्यात आणखी एक ओळ असते: भविष्य निर्वाह निधी. लोक त्याला 'फंड' किंवा 'पी.एफ.' म्हणतात. हे पैसेही कापले जातात. पण ते कापून दुसऱ्या कोणाला दिले जात नाहीत. ते त्याच माणसाच्या नावावर दुसऱ्या खात्यात जमा होतात. म्हणजे कापलेले सगळे पैसे सारखे नसतात. काही जातात, काही फक्त बाजूला ठेवले जातात. या पाठात आपण बाजूला ठेवलेल्या पैशांविषयी वाचणार आहोत. अशा पैशांवर पुष्कळदा आयकर लागत नाही. पगारातून आधी ही रक्कम वजा करायची आणि मग उरलेल्या पगारावर कर काढायचा, असा तो नियम आहे.

'आधी' आणि 'मग' या दोन शब्दांत मोठा फरक आहे. एक उदाहरण घ्या. एका माणसाला एक हजार रुपयांचा चष्मा घ्यायचा आहे. त्याच्या कमाईच्या वरच्या भागावर शंभराला वीस रुपये कर लागतो. तो कर भरून मग चष्मा घेणार असेल, तर त्याला १,२५० रुपये कमवावे लागतील. त्यातले २५० रुपये करात जातील आणि हातात हजार उरतील. पण चष्म्याचे हजार रुपये कर काढण्याआधीच वेगळे ठेवता आले, तर हजारच कमवावे लागतील. चष्मा तोच, दुकानही तेच. पण २५० रुपये वाचले.

मग सगळेच पैसे आधी बाजूला का ठेवू नयेत? कारण सरकार ही सवलत फुकट देत नाही. बाजूला ठेवलेल्या पैशांना अट असते. कधी अट मुदतीची असते: म्हातारपणापर्यंत पैसे काढायचे नाहीत. कधी अट कामाची असते: हे पैसे फक्त जेवणासाठी, फक्त प्रवासासाठी किंवा फक्त औषधासाठी वापरायचे. करात सवलत हवी असेल, तर पैशांवरची आपली मोकळीक थोडी सोडावी लागते.

आपल्या देशात मुदतीची अट असलेले सर्वांत ओळखीचे खाते म्हणजे भविष्य निर्वाह निधी. सरकारी नोकरांच्या निधीसाठी इंग्रजांच्या काळात, १९२५ साली, एक कायदा झाला. कारखान्यांतील कामगारांसाठी स्वतंत्र भारतात १९५२ साली कायदा झाला. वीस किंवा त्यांहून जास्त माणसे काम करतात, अशा बहुतेक कारखान्यांना आणि कंपन्यांना तो लागू करण्यात आला. कामगाराच्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून साधारणपणे १२ टक्के रक्कम कापतात. मालकानेही आपल्या खिशातून तेवढीच रक्कम भरायची असते. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम ठरलेल्या मर्यादेपर्यंत निवृत्तिवेतनाच्या खात्यात जाते. ती निवृत्तिवेतन योजना १९९५ साली सुरू झाली.

या निधीवर दरवर्षी व्याज मिळते. १९५२-५३ साली ते फक्त ३ टक्के होते. १९८९-९० पासून दहा-अकरा वर्षे ते १२ टक्के होते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के ठरले. व्याजावर पुन्हा व्याज मिळते. याला चक्रवाढ व्याज म्हणतात. गणिताच्या तासाला तुम्ही ते शिकला असाल. आठ टक्के चक्रवाढ व्याजाने पैसे सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होतात. अठरा वर्षांत ते चौपट होतात, सत्तावीस वर्षांत आठपट. म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी कापलेला एक रुपया शेवटच्या वर्षी कापलेल्या रुपयापेक्षा कितीतरी मोठा असतो. तरुण कामगाराला हे पटत नाही. त्याला वाटते, आता पैसे हातात आले असते तर बरे झाले असते!

आजारपण, शिक्षण, लग्न किंवा घर यांसाठी निधीतून काही पैसे मध्येच काढता येतात. पण पाच वर्षांची सलग नोकरी पूर्ण होण्याआधी सगळे पैसे काढले, तर सहसा त्यावर कर लागतो. आधी दिलेली सवलत सरकार परत घेते. या निधीला आणखी एक संरक्षण आहे, आणि मला ते व्याजापेक्षाही मोठे वाटते. माणूस कर्जात बुडाला, तरी त्याच्या निधीतील पैसे कर्जासाठी जप्त होत नाहीत. सावकार दारात उभा असला, तरी त्या खात्याला तो हात लावू शकत नाही.

आता पुन्हा शाळेकडे येऊ. एकाच शाळेच्या शिक्षकदालनात दोन शिक्षिका शेजारी शेजारी बसतात. एक २००४ साली नोकरीला लागली, दुसरी २००६ साली. काम एकच, पण पगारपत्रके वेगळी. कारण महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नवीन नेमणुकांसाठी निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीत निवृत्तिवेतनासाठी पगारातून काही कापत नव्हते. निवृत्तीनंतर शासन दरमहा ठरावीक रक्कम देत असे. नव्या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या पगारातून १० टक्के कापतात आणि शासनही हिस्सा घालते. शासनाचा हिस्सा आधी १० टक्के होता, २०१९ पासून तो १४ टक्के झाला. हे पैसे बाजारात गुंतवतात. बाजार वाढला तर पैसे वाढतात. बाजार पडला तर कमीही होतात. करात सवलत मिळते, पण शेवटी किती मिळेल याची खात्री नसते. याच कारणावरून मार्च २०२३ मध्ये राज्यभरातील कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते. तुमच्यापैकी काहींच्या शाळाही तेव्हा बंद राहिल्या असतील. जुने निवृत्तिवेतन परत द्या, ही त्यांची मागणी होती. त्यानंतर शासनाने नियमांत काही बदल केले.

हे झाले साठवण्याचे खाते. खर्चासाठी बाजूला ठेवलेले पैसेही असतात. मोठ्या शहरांतील काही कंपन्या पगाराचा थोडा भाग जेवणाच्या कूपनांच्या रूपाने देतात. ही कूपने जेवणासाठीच चालतात. अनेक वर्षे एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंतच्या कूपनावर कर लागत नव्हता. तसाच प्रवासाचा भत्ता असतो. नोकरदाराने रजा घेऊन कुटुंबासह भारतात प्रवास केला, तर भाड्याच्या रकमेवर करात सूट मिळे. चार वर्षांच्या गटात असे दोनच प्रवास धरले जात. समजा, भडगावचा माणूस कुटुंबाला घेऊन कजगावच्या स्टेशनावरून गाडीने दिल्लीला गेला. त्याचे रेल्वेचे भाडे सवलतीत बसे. पण दिल्लीतील हॉटेलचे भाडे आणि लाल किल्ल्याजवळ खाल्लेले कबाब त्यात बसत नसत! २०२० साली करोनाच्या साथीमुळे लोकांना प्रवास करता येईना. तेव्हा सरकारने ऑक्टोबर महिन्यात वेगळीच सोय केली. प्रवास न करता ठरावीक वस्तू विकत घ्या, पावत्या दाखवा आणि सवलत मिळवा, असे सांगितले. त्यासाठी ३१ मार्च २०२१ पर्यंतची मुदत होती. प्रवासाची सवलत त्या वर्षी फ्रीज आणि धुलाई यंत्रांच्या दुकानांत वापरता आली.

खर्चाच्या खात्यांची खरी वाढ मात्र अमेरिकेत झाली. अमेरिका फार दूर आहे, असे म्हणू नका. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, अमळनेर येथे, १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' हे तिचे नाव. पुढे तीच 'विप्रो' झाली आणि संगणकाच्या कामासाठी अमेरिकेपर्यंत पोहोचली. संगणकाच्या कामामुळे महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे तेथे जाऊन राहिली. त्यांच्या पगारपत्रकावर एक ओळ असू शकते: 'फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट'. आपण त्याला खर्चाचे खाते म्हणू.

अमेरिकेत दवाखान्याचा खर्च फार असतो. बहुतेक नोकरदारांना आरोग्य विमा नोकरीतूनच मिळतो. तरी विमा सगळा खर्च देत नाही. डॉक्टरांच्या फीचा काही भाग, चष्मा, दातांचे उपचार यांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागतात. १९७८ साली तेथील करकायद्यात असा नियम आला, की मालक कामगारांना काही सवलतींपैकी निवड करू देऊ शकतो आणि निवडलेली रक्कम कराआधी वेगळी ठेवू शकतो. त्यातून ही खाती आली.

ते खाते असे चालते. वर्ष सुरू होण्याआधी कामगार सांगतो, की येत्या वर्षात मला औषधपाण्यासाठी एवढे डॉलर लागतील. या रकमेला मर्यादा असते. २०१३ साली ती २,५०० डॉलर होती, २०२५ साली ३,३०० डॉलर होती. समजा, एका कामगाराने १,२०० डॉलर सांगितले. मग दरमहा त्याच्या पगारातून १०० डॉलर कापतात. त्यावर कर लागत नाही. दवाखान्याचा खर्च झाला, की तो पावती देतो आणि खात्यातून पैसे घेतो. काही ठिकाणी या खात्याचे कार्डच मिळते.

येथपर्यंत सोपे आहे. पण वर्ष संपताना खात्यात २०० डॉलर शिल्लक राहिले तर? ते पुढच्या वर्षी तसेच राहात नाहीत. कामगाराला परतही मिळत नाहीत. मुदतीत वापरले नाहीत, तर ते बुडाले! त्या देशात डिसेंबर महिन्यात चष्म्याच्या दुकानांत आणि दातांच्या दवाखान्यांत गर्दी होते, त्याचे एक कारण हे आहे. गरज नसली तरी माणसे दुसरा चष्मा करून घेतात. २०१३ पासून थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची परवानगी आली. पण तीही मालकाने तशी सोय ठेवली असेल तरच. म्हणून येथे अंदाज महत्त्वाचा. येत्या वर्षी आपण किती आजारी पडू, हे माणसाने आधीच कसे सांगावे? मला तर ही अट कठोर वाटते.

तरी या खात्यात एक नियम कामगाराच्या बाजूचाही आहे. आपल्या कामगाराने १,२०० डॉलर सांगितले होते. फेब्रुवारीत त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याचे १,२०० डॉलर खर्च झाले. तोवर पगारातून फक्त २०० डॉलर कापलेले आहेत. तरी त्याला पूर्ण १,२०० डॉलर मिळतात. कारण वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. आणि मार्चमध्ये त्याने नोकरी सोडली तर? उरलेली रक्कम मालक त्याच्याकडून वसूल करू शकत नाही. म्हणजे शिल्लक राहिली तर नुकसान कामगाराचे, आधी खर्च झाला तर नुकसान मालकाचे. दोघेही थोडा धोका पत्करतात.

मित्रांनो, आता एक अवघड प्रश्न. कराआधी पैसे बाजूला ठेवण्याचा फायदा कोणाला होतो? ज्याला कर भरावा लागतो, त्याला. ज्याच्या कमाईवर ३० टक्के कर आहे, त्याचे शंभर रुपयांमागे तीस रुपये वाचतात. ज्याच्यावर ५ टक्के कर आहे, त्याचे पाच वाचतात. आणि गिरणाकाठच्या केळीच्या मळ्यात रोजाने काम करणारा मजूर? बाजारात गाडीवर फळे विकणारा माणूस? त्यांना आयकर नाही, पगारपत्रक नाही, आणि म्हणून सवलतही नाही. ज्याची कमाई जास्त त्याला सवलत जास्त, असा हा उलटा हिशेब आहे. सवलती देणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

आपल्या देशात अलीकडे हा हिशेब बदलला आहे. २०२०-२१ पासून सरकारने करमोजणीची नवी पद्धत आणली. तिच्यात कराचे दर कमी आहेत. पण निधी, विमा, प्रवास यांसाठीच्या बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ पासून ही पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते. मालकाने निधीत घातलेल्या हिश्श्याला मात्र नव्या पद्धतीतही ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत ठेवली आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार आठ लाख रुपये आहे. जुन्या पद्धतीत ५०,००० रुपयांची ठरावीक वजावट जाऊन साडेसात लाख उरतात. पहिल्या अडीच लाखांवर कर नाही. पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के, म्हणजे १२,५०० रुपये. उरलेल्या अडीच लाखांवर २० टक्के, म्हणजे ५०,००० रुपये. एकूण कर ६२,५०० रुपये. तिने दीड लाख रुपये निधीत ठेवले, तर तेवढी रक्कम आधी वजा होते आणि कर ३२,५०० रुपयांवर येतो. तीस हजार रुपये वाचले. यात वर लागणारा उपकर धरलेला नाही.

नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराच्या पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य होतो. म्हणजे तीच शिक्षिका एक रुपयाही निधीत न ठेवता काही कर भरत नाही. तिच्यासाठी हे चांगलेच आहे. पण कर वाचवायचा म्हणून दरवर्षी तिच्याकडून जी बचत होत होती, ती आता कोण करून घेणार? पूर्वी मार्च महिना आला, की कर वाचवण्यासाठी लोक घाईघाईने विम्याची पॉलिसी घेत. पुष्कळांना ती पॉलिसी नीट समजतही नसे. ती घाई कमी झाली तर हरकत नाही. पण निधीतील पैसे हा तिचा म्हातारपणाचा आधार आहे. कर असो किंवा नसो, व्याज तेच मिळते आणि जप्तीपासून संरक्षणही तेच असते. म्हणून कर लागत नाही एवढ्याच कारणाने निधीत जास्तीचे पैसे टाकणे थांबवू नये, असे मला वाटते.

तुमच्यापैकी काहींचे भाईजान किंवा चाचा जळगावला डाळमिलमध्ये, चटईच्या किंवा पाइपच्या कारखान्यात काम करत असतील. त्यांच्या पगारातून पी.एफ. कापला जात असेल, तर त्यांना एक गोष्ट विचारा: तुमचा बारा आकडी नंबर कोणता? २०१४ पासून प्रत्येक सदस्याला असा एक नंबर मिळतो. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. त्या नंबरवरून मोबाइलवर निधीचे पासबुक पाहता येते. पगारपत्रकात कापलेली रक्कम पासबुकात त्या त्या महिन्यात दिसली पाहिजे. कधी कधी ठेकेदार पैसे कापतो, पण भरत नाही. तो गुन्हा आहे. कामगाराला वाटते, पैसे जमा होत आहेत. दहा वर्षांनी कळते, की खाते रिकामे आहे. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात तक्रार करता येते. त्यासाठी जुनी पगारपत्रके जपून ठेवलेली असावीत.

पासबुक पाहताना वारसाचे नावही पाहावे. कामगाराच्या पश्चात निधीचे पैसे कोणाला द्यायचे, हे त्यात लिहिलेले असते. अविवाहित असताना पुष्कळजण आईचे किंवा भावाचे नाव लिहितात. निकाह झाल्यावर ही जुनी नोंद चालत नाही. तेव्हा पत्नीचे आणि पुढे मुलांचे नाव घालून नवी नोंद करावी लागते. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि मोबाइल चालवणे घरात तुम्हांलाच सर्वांत चांगले येते.